‘उच्चारण’ म्हणजे नेमकं काय बघायचं? आणि ‘ळ’, ‘ण’ कसे बसवायचे?

गिरणाकाठ:
वक्तृत्व स्पर्धेच्या गुणपत्रकात ‘उच्चारण’ असा रकाना आहे. त्यात काय तपासायचं? पाचवीतली मुलं घरी अहिराणी बोलतात. ‘डोळा’चा ‘डोया’, ‘पाणी’चं ‘पानी’. गुण कापायचे का? ‘जीभ वळव’ म्हटलं की ‘ल’ येतो, नाहीतर थेट ‘ड’.

स्वनरेखा:
कानावर पडतो तो उच्चार. तो घडवणारी तोंडातली क्रिया म्हणजे उच्चारण. व्याकरणात त्यासाठी तीन गोष्टी बघतात: स्थान, करण, प्रयत्न. ‘ट’ घ्या. मूर्धा (टाळूचा वरचा, घुमटासारखा भाग) हे स्थान, जिभेचं टोक हे करण, हवा पूर्ण अडवून सोडणं हा प्रयत्न.

‘ड’ येतोय ना, मग अर्धं काम झालंय. टोक जागेवर पोचलं, फक्त जिभेच्या कडा दाढांना चिकटून राहिल्या. ‘ळ’ला टोक वर, कडा सैल, हवा बाजूंनी, आणि लगेच टोक पुढे झटकून खाली. ‘ल’ आला तर टोक वरच्या दातांमागेच राहिलंय. सुटा ‘ळ’ म्हणायला लावू नका. मराठीत त्याने शब्द सुरूच होत नाही. दोन स्वरांमध्ये घ्या: आडा–आळा, ईडी–ईळी. मग काळा, केळी.

पांझरा_वळण:
‘ण’ तर ही मुलं रोज काढतात, त्यांना माहीत नसतं एवढंच. ‘थंडी’ म्हणायला लावा आणि ‘डी’च्या आधी थांबवा. तिथे नाकातून चाललेला आवाज म्हणजेच ‘ण’. जीभ न हलवता पुढे ‘आ’ जोडा. नाक सगळ्यांचं बरोबर असतं, ‘न’ होतो तो टोक पुढे सरकल्यामुळे.

गुणांबद्दल: ‘ळ’चा ‘य’ हा अहिराणीचा नियम आहे, जिभेचा दोष नाही. नियमावलीत प्रमाण मराठीची अट असेल तरच कापा. एरवी शब्दाचा शेवट गिळणं, ‘भ’चा ‘ब’ होणं, जोडाक्षर फोडणं हे बघा. पाचवीतही ‘क’च्या जागी ‘त’ येत असेल तर मात्र आधी कानांची तपासणी, मग वाचोपचारतज्ज्ञ.

स्वनरेखा:
पांझराभाऊंशी सहमत, पण श्रुतलेखनात ‘काया फया’ उतरतो, त्यामुळे ‘ळ’ शिकवावाच लागतो. आधी कान तयार करा. तोंडासमोर वही धरून ‘गाळ–गाय’, ‘माळ–माय’, ‘साळ–साय’ म्हणा. कोणता शब्द ते मुलांनी सांगायचं. हे सोडून थेट जिभेवर गेलात की उलटी दुरुस्ती सुरू होते आणि ‘गाय’चीही ‘गाळ’ होते.

गिरणाकाठ:
‘ळ’साठी आरसा चालेल?

स्वनरेखा:
चालेल. तोंड ‘आ’एवढं उघडं हवं. टोक नीट मागे वळलं असेल तर जिभेची खालची, निळसर शिरांची बाजू दिसते. हनुवटी हलत असेल तर जिभेचं काम जबडा करतोय. दोन बोटांनी ती हलकेच धरायला सांगा.