क्राउन-पिनियन बदलल्यावर मागचा ॲक्सल घोंघावतो

प्रश्न (इंदूर): जीपला क्राउन-पिनियनची (मागच्या ॲक्सलमधल्या दातेरी चाकांची) नवी जोडी टाकली. मानपूर घाट चढताना ॲक्सल घोंघावतो, ॲक्सिलरेटर सोडला की गप्प. शिम (पिनियन किती आत बसेल ते ठरवणारी पातळ चकती) जुनीच आहे.

उत्तर १: चूक तिथेच! प्रत्येक जोडीला शिम मोजूनच लागते. क्राउनच्या चार-पाच दातांना ठसा उमटवणारा निळा रंग लावा, हाताने अडवत फिरवा. ठसा दाताच्या मुळाशी पडला तर पिनियन जास्त आत, माथ्याशी पडला तर बाहेर.

उत्तर २: बॅकलॅश (दातांमधली मोकळी फट) डायल गेजने तीन-चार ठिकाणी बघा. बऱ्याच ॲक्सलना ०.१३ ते ०.२० मिमी चालतो, पण मॅन्युअलचाच आकडा धरा. पिनियन नट जास्त आवळला गेला तर ढिला करून भागत नाही, क्रश स्लीव्ह (नट आवळताना दबणारी नळी) नवीच घाला.

उत्तर ३: बॅकलॅशचे आकडे ॲक्सलच्या हाउसिंगवरच (बाहेरच्या कवचावरच) कोरायची सक्ती हवी. सियागंज बाजारातून सुटा पिनियन आणू नका, जोडीवरचे नंबर जुळवा.