मायलेज पाहिजे, पण घाटात गाडी रडायला नको

पांढरा रस्सा
जुनी डिझेल काढायची आहे. रविवारी वैभववाडीकडून करूळ घाट चढताना मित्रांच्या दोन गाड्या चालवल्या. एक स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली. वळणातून बाहेर पडताना पाय दाबला की इंजिन आधी बोंबलतं, गाडी मागून सावकाश येते. दुसरी फोक्सवॅगनची टायगुन 1.5 टर्बो पेट्रोल. पाय हलका असला की चारपैकी मधले दोन सिलिंडर गप्प बसतात, दाबला की लगेच चारही हजर. पायाला पत्तासुद्धा लागत नाही. मायलेज वाचवावं तर असं, चालवणाऱ्याच्या मध्ये न येता.

शिरोली शिफ्ट
भावा, घाट वर्षातून किती वेळा चढतोस? मी रोज कोल्हापुरात राजारामपुरी ते शिरोली एमआयडीसी. कावळा नाका, तावडे हॉटेल, आणि सीझनला पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या, मागं लाल दिवा नाही, टेप मात्र फुल्ल. अशा रांगण्यात तुझे दोन सिलिंडर बंद पडून कितीसं वाचणार? माझी हायब्रिड तिथं निम्मा वेळ मोटरवर असते. मोटरचा टॉर्क, म्हणजे ओढ, पहिल्या इंचापासून मिळतो, ट्रॉलीच्या बगलेतून सटकायला लै भारी. ही मजा नव्हं?

पांढरा रस्सा
सटकायचं मान्य. पण घाट उतरताना बघ. तुझ्या हायब्रिडची बॅटरी एक युनिटाचीसुद्धा नसते. घाट संपायच्या आधीच ती भरते, मग ब्रेकमधून वीज साठवायला जागाच उरत नाही.

रंकाळा चौपाटी
सगळ्या हायब्रिडना एका माळेत ओवू नका. होंडाच्या हायब्रिड सिटीत, सिटी ई:एचईव्हीत, गावात चाकं मोटरच फिरवते, इंजिन बहुतेक वीज करायचं काम करतं. हायवेला एकसारखा वेग धरला की इंजिन क्लचनं थेट चाकांना जोडलं जातं.

पांढरा रस्सा
ती सेडान. आमच्या गल्लीच्या स्पीडब्रेकरला पोट घासंल.

उद्यमनगरचा पाना
तंत्रज्ञानावर भांडताय, आणि घाट उतरताना न्यूट्रल करणारे इथंच निम्मे असतील. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये ठेवून पाय काढला की पेट्रोल पार बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतंच, वर ब्रेक तापतात ते वेगळं. गॅरेजला येणाऱ्या गाड्यांत चार टायरांत चार तऱ्हेची हवा असते आणि मालक विचारतोय मायलेज का पडलं! टर्बोचंही सांगतो: छोटं इंजिन पाय हलका असेपर्यंतच कमी खातं. रस्साभाऊ, तुमचा पाय आम्ही बघितलाय.

पांढरा रस्सा
😄 पाय जड आहे, कबूल. म्हणून तर पायाचं ऐकणारी गाडी पाहिजे.

शिरोली शिफ्ट
मग होऊन जाऊ दे. एकाच पंपावर दोघांनी टाकी फुल्ल करायची, घाटमाथ्यावरच्या गगनबावड्याला जाऊन यायचं, परत त्याच पंपावर फुल्ल. मीटरवरचा आकडा धरायचा नाही.

पांढरा रस्सा
चालतंय. पण गगनबावड्याला थांबायचं नाही, करूळ उतरून परत चढायचं.

शिरोली शिफ्ट
आणि येताना संध्याकाळी सहाच्या गर्दीत दसरा चौकातून.