वेदना थांबत नसतील, तर इच्छामरणाचा अर्ज करता येतो का?

प्रश्न:
काही वर्षांपूर्वी अपघातात मणक्याला मार लागून माझे कमरेखालचे शरीर लुळे पडले. पायाला चिमटा काढलेला कळत नाही, पण रात्री तेच पाय निखाऱ्यांवर ठेवल्यासारखे जळतात. कूस बदलून देण्यासाठी नवरा रात्रीतून अनेकदा उठतो आणि सकाळी कामावर जातो. हे असेच वर्षानुवर्षे चालायचे, या विचाराने मी खचून गेले आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इच्छामरणाला मान्यता दिली, असे वाचले होते. माझ्यासारख्या व्यक्तीला तसा अर्ज करता येतो का? कृपया उपदेश नको, जे खरे आहे ते सांगावे.

उत्तर १ (वकील, ठाणे):
ताई, स्पष्टच सांगतो, तसा अर्ज करता येत नाही. ९ मार्च २०१८ च्या निकालाने मान्यता मिळाली ती, बरे होण्याची आशा उरलेली नसताना केवळ कृत्रिम आधारावर जगवल्या जाणाऱ्या रुग्णाचे उपचार, डॉक्टरांच्या मंडळांच्या संमतीने थांबवण्याला. औषध देऊन मृत्यू घडवून आणणे हा आपल्याकडे आजही गुन्हा आहे. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यासाठी केलेली याचिकाही २०११ मध्ये फेटाळली गेली होती. तुमच्या हाती आहे ते वैद्यकीय इच्छापत्र. पुढे कधी स्वतःचे मत सांगता येईनासे झाले, तर कोणते उपचार नकोत हे त्यात लिहून ठेवता येते. त्यासाठी दोन साक्षीदार लागतात आणि २०२३ पासून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोरही ते करता येते.

उत्तर २ (वेदनाशमन विभागातील परिचारिका):
तुमच्या पायांची ही आग मज्जारज्जूला झालेल्या इजेतून येते. साध्या वेदनाशामक गोळ्यांचा तिच्यावर फारसा उपयोग होत नाही. त्यासाठी प्रेगाबालिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन अशी वेगळी औषधे असतात आणि त्यांची मात्रा डॉक्टरांना हळूहळू जुळवावी लागते. आग एकाएकी वाढली, तर लघवीच्या मार्गातील जंतुसंसर्ग किंवा पाठीवरची जखम आधी तपासून घ्यावी. वेदनाशमन विभाग केवळ शेवटच्या टप्प्यातील कर्करुग्णांसाठी असतो, हा समज इतका पक्का बसला आहे की तुमच्यासारखे रुग्ण आमच्या दारापर्यंत पोहोचतच नाहीत, याचे मला फार वाईट वाटते. वेदना पूर्ण जाईल, असे वचन मी देणार नाही. पण सलग झोप मिळू लागली, तरी पुष्कळ फरक पडतो. आणि आत्ताच जीव द्यावा असे मनात येत असेल, तर घरात कोणाला तरी जवळ बसवून घ्या आणि १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. तिथे रात्रीही बोलता येते.

उत्तर ३:
मीही चाकाच्या खुर्चीत आहे. कायद्याने नाही म्हटले म्हणून तुमचा प्रश्न मिटत नाही, हे मला ठाऊक आहे, कारण मीही असाच अर्ज मनातल्या मनात अनेकदा लिहिला होता. माझ्या बाबतीत वेदनेइतकाच जीव खाणारा विचार होता तो बायकोवर भार होत असल्याचा, आणि तिला मी तो कधी बोलूनच दाखवला नव्हता. रात्रीसाठी मदतनीस ठेवल्यावर तिची झोप सावरली आणि आमचे बोलणेही सुरू झाले. सगळ्यांना हे परवडत नाही, आणि अशी मदत सरकारकडून मिळायला हवी, असे माझे ठाम मत आहे. तुम्ही मिस्टरांशी हे बोलला आहात का? कोणत्या जिल्ह्यात राहता ते कळवा. तिथे वेदनाशमन विभाग कुठे आहे याची चौकशी मी करतो आणि पहिला फोनही मीच लावतो.