बदलीचा कागद आणि घरातली मुलं: परदेशातल्या सेवेत संसार करणाऱ्यांचे अनुभव

आपण ठरवून परदेशी जाणं वेगळं आणि सेवेच्या हुकमाने जाणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात कुठे राहायचं, किती वर्षं आणि कधी उठायचं, यातलं काहीच आपल्या हातात नसतं. दूतावासातले कर्मचारी, शांतिसेनेतले जवान, मदतकार्यातले डॉक्टर आणि नर्स, आंतरराष्ट्रीय संस्थांतली माणसं, आणि त्यांच्यामागे घर गुंडाळून निघणारे नवरे, बायका, मुलं. माझा संसार असा चार देशांत झाला. फोटो सगळ्यांकडे आहेत. पण तापाने फणफणलेलं पोर मांडीवर आणि समोरच्या डॉक्टरीणबाईंचा एक शब्द कळत नाही, असल्या गोष्टी आपण आपसातही फारशा काढत नाही. तर लिहा. सल्ला नसला तरी चालेल. फसलेलं आधी लिहा.

सुरुवात मीच करते.

आमची बदली उत्तर गोलार्धातून दक्षिणेकडे झाली. ऋतू उलटे असणार हे माहीत होतं, कपडे त्या हिशोबाने बांधले. शाळेचं वर्षही उलटं असतं, हे मात्र डोक्यातच आलं नाही. मोठीची चौथी जूनमध्ये संपली होती. नव्या देशात वर्ष जानेवारीच्या शेवटी सुरू होऊन डिसेंबरात संपणारं. म्हणजे जुलैत आम्ही शाळेच्या दारात उभे, तेव्हा तिथली चौथी अर्धी झालेली आणि पाचवीही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, चौथीचं उरलेलं अर्ध वर्ष पुन्हा करू दे, भाषाही बसेल. पटलं. तीन वर्षांनी परत उत्तरेत आलो, तेव्हा तोच गोंधळ उलट्या बाजूने. सगळा हिशोब केला तर पोरीला अपूर्णांक तीनदा शिकवले गेले आणि नकाशावाचन एकदाही नाही. परवा, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ती मला गंभीरपणे विचारत होती, "आई, समोच्च रेषा म्हणजे नक्की काय गं?"

तेव्हापासून प्रत्येक मुलीची एक जाड फाइल माझ्या हातातल्या बॅगेत असते. सामानाच्या कंटेनरमध्ये नाही, हातात. गुणपत्रिका तर असतेच, पण त्या वर्षी पुस्तकातले कोणते धडे झाले त्याची यादी, गणिताची एक भरलेली वही आणि वर्गशिक्षिकेने दोन ओळीत लिहिलेली चिठ्ठी. नव्या शिक्षकांना गुणांपेक्षा ती वही जास्त कळते. मूळ दाखल्यांवर निघण्याआधीच अपोस्टिल, म्हणजे दाखला खरा असल्याची सरकारी मोहोर, करून घ्या. १९६१च्या हेग करारातले देश ते मान्य करतात. जिथे जाताय तो देश करारात नसेल तर वकिलातीचे शिक्के लागतात, आणि त्याला वेळ लागतो. जिनिव्हात १९६८ साली सुरू झालेला आयबीचा (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट) अभ्यासक्रम अशाच फिरत्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेला आहे. तो परवडत असेल, म्हणजे कचेरी फी भरत असेल, तर उत्तम. आमची भरत नव्हती.

नर्स, मदतकार्यात अकरा वर्षं

फाइलवरून आठवलं. लसीकरणाचं कार्ड त्याच फाइलमध्ये ठेवा, आणि बीसीजी दिलेली असेल तर कुणालाही दिसेल असं ठळक लिहून ठेवा. अनेक देशांत ती लस सरसकट देत नाहीत. माझ्या मुलाची नव्या शाळेत क्षयाची त्वचाचाचणी झाली, हातावर टरटरून गाठ आली आणि शाळेने दुसऱ्या दिवसापासून त्याला घरी बसवलं. मी स्वतः नर्स, मला कारण माहीत: बीसीजी घेतलेल्यांत ती चाचणी अशी फसवू शकते. पण आई म्हणून सांगितलेलं कोण ऐकतं? छातीचा एक्स-रे, मग बीसीजीने न फसणारी रक्ताची चाचणी, नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी तो शाळेत गेला तेव्हा शेजारचं बाक रिकामं होतं. महिनाभर रिकामंच राहिलं. चाचणीचा निकाल मुलांना कुणी सांगितलाच नव्हता.

आणखी एक. पीतज्वराची लस नऊ महिन्यांखालच्या बाळाला सहसा देत नाहीत आणि तिचं प्रमाणपत्र टोचल्यापासून दहाव्या दिवशी लागू होतं. तान्हं बाळ घेऊन निघणाऱ्यांनी तिकीट काढायच्या आधी हे बघा, नंतर नाही. मोठ्यांची जुनी प्रमाणपत्रं टाकू नका. २०१६ पासून ती आयुष्यभर चालतात.

बायकोच्या मागे गेलेला नवरा

इथे बायका जास्त लिहितील असं वाटलं म्हणून मुद्दाम लिहितोय.

बायको परराष्ट्र सेवेत. मी स्थापत्य अभियंता, म्हणजे होतो. माझ्या व्हिसावर "अवलंबित" असा शिक्का. त्या देशाचा आणि आपला जोडीदारांच्या नोकरीबद्दल करार असेल तर परवानगी मिळते, नसेल तर घरी बसा. परवानगी मिळाली तरी त्या नोकरीपुरतं दिवाणी संरक्षण, म्हणजे दूतावासातल्या कुटुंबांवर तिथल्या कोर्टात दिवाणी दावा चालत नाही ती सवलत, बहुतेक सोडावं लागतं. पहिल्या देशात करार नव्हता. अर्जातल्या "व्यवसाय" रकान्यात पहिले सहा महिने मी अभियंता लिहायचो. एकदा खिडकीपलीकडच्या माणसाने ते नम्रपणे खोडलं आणि वर "काही नाही" लिहिलं.

मुलाला शाळेतून आणायला मी जायचो. वर्गातल्या आयांचा फोनवर एक गट होता. मला त्यात घ्यावं असं कुणाला सुचलं नाही. वाईट हेतू नव्हता, बाप हा प्राणी त्यांच्या हिशोबातच नव्हता. त्यामुळे दोन वाढदिवस हुकले आणि एकदा सगळी मुलं रंगीत कपड्यांत असताना आमचा गणवेशात गेला. त्या दिवशी फाटकाबाहेर तो माझ्याकडे न बघता गाडीत बसला. दुसऱ्या सकाळी मी सरळ एका बाईंना गाठलं, मोडक्यातोडक्या भाषेत म्हटलं, "मी त्याची आई आहे." मला म्हणायचं होतं की आईचं काम मी करतो. त्या इतक्या हसल्या की तिथल्या तिथे मला गटात घेतलं. चार वर्षं त्या गटात माझं नाव "आई क्रमांक बावीस" होतं.

कारकिर्दीचं काय झालं ते मात्र हसण्यासारखं नाही. ते पुन्हा कधीतरी.

शांतिसेनेत तैनातीवर गेलेला बाप

आम्हाला कुटुंब नेता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या भाषेत ती "कुटुंबाविना" तैनातीची जागा. वर्षभर मी तिकडे, बायको आणि दोन मुलगे घरी.

फोन रोज व्हायचा. सुरुवातीला मी फोनवर पाढे विचारायचो, दप्तर दाखवा म्हणायचो. तिसऱ्या महिन्यात बायको म्हणाली, "तुझा फोन आला की दोघं बाथरूममध्ये जाऊन बसतात. आता तपासणी बंद कर." बंद केली. मग मी माझंच सांगू लागलो. छावणीच्या कुंपणावर रोज येणारा एक लंगडा बगळा होता. धाकटा रोज विचारायचा, आज आला का? एक दिवस यायचा थांबला. मी तीन आठवडे खोटं बोललो.

परत आलो तो रविवार होता. सवयीने कपड्यांची बादली उचलली. थोरला आला, बादली माझ्या हातातून घेतली आणि म्हणाला, "बाबा, रविवारचे कपडे आमचे असतात. तुम्हाला काय द्यायचं ते आई सांगेल." घर माझ्याशिवाय नीट चाललं होतं. सुखही वाटलं, दुसरंही काहीतरी वाटलं. मला पाणी भरण्याचं काम मिळालं. अजून तेच आहे.

राजनैतिक अधिकारी, एक मुलगा (आता शहाणा)

आमच्या चिरंजीवांना सोळाव्या वर्षी व्हिएन्ना कराराचा शोध लागला. १९६१चा करार, कलम ३७: राजनैतिक अधिकाऱ्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबीयांनाही संरक्षण. हे त्याला वर्गमित्राने सांगितलं, "तुला पोलिस हातच लावू शकत नाहीत." मग साहेबांनी परवाना नसताना मित्राची दुचाकी चालवली, नाक्यावर अडवल्यावर खिशातून ओळखपत्र काढलं आणि, हवालदाराच्या सांगण्याप्रमाणे, "हसला".

मी आवाज चढवला नाही. कराराची प्रत समोर ठेवली आणि त्याला कलम ४१ मोठ्याने वाचायला लावलं: संरक्षण असलेल्या प्रत्येकाने यजमान देशाचे कायदे पाळणं हे कर्तव्य आहे. मग कलम ३२. हे संरक्षण काढून घेता येतं आणि तो अधिकार ज्या देशाने पाठवलं त्या देशाचा. तुझा नाही, माझाही नाही. हे दुसरं वाचताना त्याचा आवाज बसला. आम्ही दोघं नाक्यावर गेलो. त्याने माफी मागितली, हवालदाराने त्याला पाऊण तास शेजारी उभं करून येणाऱ्या गाड्या मोजायला लावल्या. कुठल्या नियमात बसतं माहीत नाही. मी आक्षेप घेतला नाही.

थोडक्यात, कुत्र्याबद्दल

युरोपीय संघाच्या यादीत नसलेल्या देशातून तिकडे कुत्रा न्यायचा तर आधी रेबीजची लस, मग किमान तीस दिवसांनी रक्ताची तपासणी, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबायचं. आम्हाला हुकूम आल्यापासून निघायला सहाच आठवडे होते. बंगल्यात नंतर येणाऱ्या कुटुंबाने त्याला ठेवून घेतलं. त्यांनी नाव बदललं. मुलगा अधूनमधून विचारतो, नव्या नावाने हाक मारली तर तो लगेच येतो का, की जरा थांबतो?

अशा घरात वाढलेली मुलगी, वय ४१

वरचं सगळं वाचलं. आता मुलांच्या बाजूने बोलू द्या.

"मुलं काय, पटकन रुळतात." हे वाक्य बदलीच्या प्रत्येक निरोपसमारंभात ऐकलं. मी रुळायचे, कारण दुसरा पर्याय ठेवलेला नसायचा. नव्या वर्गात पहिल्या आठवड्यात कुणाशी मैत्री करायची, कुणाशी नाही, हे मला दहाव्या वर्षीच कळत होतं. त्याला समंजसपणा म्हणायचे. खरं तर मी पहिल्या दिवसापासूनच निघण्याच्या तयारीत असायचे. ज्यांच्यावाचून अडेल अशी मैत्रीण करायचीच नाही.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रूथ हिल युसीम यांनी १९५०च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकी कुटुंबांचा अभ्यास करताना अशा मुलांना "तिसऱ्या संस्कृतीची मुलं" म्हटलं. पहिली आईवडिलांची, दुसरी यजमान देशाची, आणि तिसरी या फिरत्या लोकांची आपली आपण तयार झालेली. हा शब्द मला तिशीत सापडला. आठवडाभर बरं वाटलं. मग पुन्हा होते तशी.

माझी तक्रार बदल्यांबद्दल नाहीच. तक्रार आहे ती शेवटी कळण्याबद्दल. एका वर्षी आम्ही जाणार हे मला शाळेच्या बसचालकाकडून कळलं. त्याला वडिलांनी महिन्याची फी थांबवायला सांगितली होती. घरी काहीच बोलले नव्हते, "परीक्षा होऊ दे" म्हणून. ते चांगल्या मनानेच होतं, हे आज कळतं. पण मैत्रिणीला मी सांगायच्या आधी बसमधल्या सगळ्यांनी सांगितलं.

अजून रात्री जाग आली तर हात तिसऱ्या घरातल्या दिव्याच्या बटणाकडे जातो. डावीकडे, उशीच्या जरा वर. माझ्या स्वतःच्या घरात मी बारा वर्षं राहतेय. बटण उजवीकडे आहे. गेल्या वर्षी नवरा म्हणाला, डावीकडे एक बसवून घेऊ. नको म्हटलं.

डॉक्टर, एक मुलगी

मी या ताईंनंतर लिहायला नको होतं, पण लिहिते.

आम्ही दोघं नवराबायको एकाच रुग्णालयात मदतकार्यावर होतो. मुलगी आठ महिन्यांची असताना गेलो, साडेचार वर्षांची असताना परतलो. तिला सांभाळायला एक मावशी होत्या. मावशी मी म्हणते, पोरगी त्यांना त्यांच्या भाषेतल्या "आई"नेच हाक मारायची. मला डॉक्टर म्हणायची, कारण सगळे म्हणायचे. पहिल्यांदा लागलं. नंतर शस्त्रक्रिया संपवून रात्री दहाला घरी यायचं आणि ती शांत झोपलेली दिसायची, तेव्हा लागायचं बंद झालं.

मावशींची दोन मुलं गावी, त्यांच्या आजीकडे. हे मला वर्षभराने कळलं. महिन्यातून एकदा त्या जायच्या. म्हणजे माझी मुलगी वाढावी म्हणून त्यांची मुलं दुसरीकडे वाढत होती, आणि मी दुसऱ्यांच्या मुलांना वाचवायला आले होते म्हणून माझी त्यांच्याकडे. हे गणित मी कितीदा मांडलं, दर वेळी कुणीतरी वजाच होतं. सुट्टी महिन्यातून दोनदा केली, त्यांच्या थोरलीची फी भरू लागलो. एवढंच जमलं.

निघायच्या दिवशी त्यांनी मुलीची वेणी घातली आणि त्या आल्याच नाहीत विमानतळावर.

परत आल्यावर चार महिन्यांत ती ती भाषा विसरली. मी थक्क झाले. स्वप्नात ज्या भाषेत बरळायची ती कापूर उडावा तशी गेली. मागच्या आठवड्यात खूप दिवसांनी मावशींशी व्हिडिओवर बोलणं झालं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, मध्ये एक शब्द नाही. मग मावशींनी त्यांचा टाळ्यांचा खेळ सुरू केला, आकडे म्हणत टाळी द्यायचा. मुलीला आकडे येत नव्हते, पण हात उचलले. पाचपर्यंत टाळ्या बरोबर पडल्या. सहाला चुकली. मावशी म्हणाल्या, पुन्हा पहिल्यापासून.