वाइन शॉपमध्ये हाल होतात ते वाइनचेच

'वाइन शॉपवर काय काम असतं, बाटली द्यायची नि पैसे घ्यायचे' हे लोकांचं म्हणणं काही पटत नाही. पिऊन आलेली गिऱ्हाइकं परवडली, डोकं खातो तो हिशोब. जळगावला काउंटरवर होतो तेव्हा रात्री शटर अर्धं ओढून ब्रँडवार, मापवार शिल्लक लिहायची: 90, 180, 375, 750 मिली. एक क्वार्टर (180ची बाटली) जुळली नाही की सगळं कपाट पुन्हा मोजा. शिवाय परवाने. कायद्याने पिणाऱ्याला परवाना लागतो, विदेशी दारूचा एका दिवसाचा 5 रुपयांत मिळतो. निम्म्या गिऱ्हाइकांच्या हे गावीही नसतं.

आणि खान्देशातल्या मे महिन्याबद्दल कुणी बोलतच नाही. पारा 44-45 वर गेला की जो तो "भाऊ, एकदम चिल्ड दे" म्हणत बियरला येतो, आणि नेमकी तेव्हाच लाइट जाते. नाशिकची रेड वाइन मात्र वरच्या फळीवर उभीच्या उभी तापत असते. बूच सुकून आकसतं, हवा शिरते, वाइन बिघडते. मालकाला म्हटलं, बाटल्या आडव्या ठेवू, बूच ओलं राहील. तर म्हणे, "मग लेबल कसं दिसेल रे?" उन्हाळ्यात आमच्याकडे रेड घ्यायचीच असेल तर फिरकीच्या झाकणाची बघा, तीही नुकत्याच फोडलेल्या खोक्यातली मागून घ्या.