बागेतली गुलमोहरांची रांग: एकेक झाड बदलायचं की तुकडाच्या तुकडा?

खाडीकाठचा वाशीकर (धागाकर्ता)
नवी मुंबईतल्या आमच्या नोडमधल्या (म्हणजे वसाहतीतल्या) बागेत फाटकापासून मधल्या चौथऱ्यापर्यंत गुलमोहरांची दुहेरी रांग आहे, सिडकोने नोड वसवला तेव्हाची. आता फाटकावर नोटीस लागली आहे: धोकादायक झाडं काढून 'सुशोभीकरण'. म्हणजे कुंड्यांतले पाम आणि सेल्फी पॉइंट, आणखी काय! नोटिशीला माझा विरोध आहेच. पण सोसायटीच्या ग्रुपवर "एका फांदीला हात लावू देणार नाही" चाललंय, तेही मला पटत नाही.

गुलमोहर झपाट्याने वाढतो, लाकूड ठिसूळ, मुळं वरवरची. त्यात आपली जमीन भरणीची. सगळी झाडं एका वयाची, म्हणजे म्हातारीही एकदमच होणार. पडलेल्याच्या जागी एकेक रोप लावत गेलं, तर दोन मोठ्या झाडांच्या सावलीत ते उजेडाकडे झुकतं आणि काटकुळं, वाकडं वाढतं. म्हणून म्हणतो, फाटकाकडचा तुकडा दोन्ही बाजूंनी पूर्ण काढा, एकाच जातीची रोपं एकदम लावा. पंधरा-वीस वर्षांनी पुढचा तुकडा. लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समध्ये ब्रॉड वॉकवरचे जुने एल्म 1953 मध्ये असेच काढले. लोक खूप चिडले होते. पण नवी झाडं लागली आणि रांग टिकली.

दुपारची सावली
साफ असहमत. तिकडे पाडणारे आणि लावणारे एकच होते. इथे पाडायचं टेंडर वेगळं, लावायचं वेगळं, आणि पाणी घालायचं तर निघतच नाही. करवत दुसऱ्या दिवशी हजर होते, रोपं 'पावसाळ्यात' येतात. कुठल्या पावसाळ्यात, ते विचारायचं नाही. मे महिन्यात त्या रांगेखाली किती आजी-आजोबा बसलेले असतात ते या बघायला. त्यांना तुमची पंधरा वर्षं सांगणार का?

टिकाव-फावडं
बागकामाचीच कामं घेतो, म्हणून बोलतो. दोघंही झाडाच्या वर बघताय, जरा खाली बघा. पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडवलेत. पाणी मुरत नाही, मुळांना हवा नाही. केबलसाठी चर खणताना एका बाजूची मुळं सपासप तोडली. मग वाऱ्यात झाड आडवं झालं की "म्हातारं झालं होतं"! 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळात मुंबई-ठाण्यात झाडांचा खच पडला, तेव्हाही उघड्या पडलेल्या मुळांकडे कुणी पाहिलं? दिल्लीत हरित लवादाने 2013 मध्येच झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. आधी तेवढं करा. बुंध्यावर लाकडी हातोडी ठोकून बघा, पोकळ आवाज येतो का. तळाशी अळंबी उगवलीय का बघा. मग ठरवा कुठलं धोकादायक. दोन पावसाळे गेले की निम्मी झाडं सावरतील, माझी खात्री आहे.

बकुळीचा ओवळा
आणि परत गुलमोहरच का? तो मादागास्करचा. ताम्हण लावा, राज्यफूल आहे आपलं. बकुळ लावा, करंज लावा. सगळं मिसळून लावा! एकच जात लावली आणि कीड आली की सगळंच जातं. मुंबईचे रेन ट्री पिठ्या ढेकणाने वाळले ते विसरलात?

खाडीकाठचा वाशीकर
@टिकाव-फावडं, पेव्हर उखडण्याबद्दल शंभर टक्के अनुमोदन. पण सावरलेलं झाडही कधीतरी जाणारच ना? त्या दिवसाची तयारी आज नको?

@बकुळीचा ओवळा, किडीचा मुद्दा खरा. ब्रिटनचे एल्म पुढे रोगानेच गेले. पण मिसळून लावलं की रांग उरत नाही, नुसतीच झाडी होते. एक उंच, एक बुटकं, एकाची पानगळ आत्ता, दुसऱ्याची नंतर. नवी दिल्लीचे रस्ते आठवा: कुठे कडुनिंब, कुठे जांभूळ, कुठे अर्जुन. एका रस्त्याला बहुधा एकच जात, विविधता शहरभर. तसं करा, इथे ताम्हण, पलीकडच्या बागेत बकुळ. बकुळ फार सावकाश वाढते, हेही बघा.

दुपारची सावली
कायद्याचं कुणी बोलतच नाहीये. राज्याच्या झाडं जतन करण्याच्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षं किंवा जास्त वयाचं झाड वारसा वृक्ष ठरतं. सिडको 1970 ची. म्हणजे नवी मुंबईची पहिली झाडं आत्ता कुठे त्या उंबरठ्यावर आलीत, आणि नेमकी आत्ताच ती 'धोकादायक' झाली?

खाडीकाठचा वाशीकर
त्याच दुरुस्तीत असंही आहे की पाडलेल्या झाडाचं जितकं वय, तितकी नवी झाडं लावायची, सहा ते आठ फूट उंचीची, आणि सात वर्षं सांभाळायची. पंचेचाळीस वर्षांच्या एका गुलमोहरामागे पंचेचाळीस रोपं. बागेत मावतील? ती जातील कुठल्यातरी माळावर. कायदा झाडं मोजतो, रांग नाही. म्हणून हरकतीत लिहू या: ज्या खड्ड्यातून झाड निघेल, त्याच खड्ड्यात झाड.

टिकाव-फावडं
त्याच खड्ड्यात नाही हो दादा, जुना बुंधा आणि मुळं असतात तिथे. दोन हात सरकवून. आणि खारी भरणी काढून चांगली माती भरा, नाहीतर रोप पिवळं पडून मरतं.

बकुळीचा ओवळा
रिओच्या वनस्पती उद्यानात 1809 मध्ये लावलेला मूळ रॉयल पाम 1972 मध्ये वीज पडून गेला. त्याच्याच बियांपासूनचं झाड त्या जागी लावलंय. गुलमोहरच हवा असेल तर निदान याच रांगेतल्या शेंगा गोळा करा. मत मात्र ताम्हणालाच.

दुपारची सावली
हरकतीवर सही करेन, पण एक अट घालून. रोपं आधी रोपवाटिकेत आठ फुटांची करून दाखवा, आम्ही येऊन मोजू. तोवर करवत फाटकाबाहेर.

खाडीकाठचा वाशीकर
अट मान्य. पण तुकडा पूर्ण काढायचा, हेही त्याच कागदावर येईल.

दुपारची सावली
मग माझी हरकत मी वेगळी देते.