उलट्या बाजूला छापा, पण आधी कड दाबा

गोधडीच्या तुकड्यांचे आकार प्रिंटरने थेट कापडावर छापताना बऱ्याच जणींची एक तक्रार असते: फ्रीझर पेपर (एका बाजूला प्लॅस्टिकचं अस्तर असलेला, इस्त्रीने कापडाला चिकटणारा कागद) लावूनही कापड प्रिंटरमध्ये अडकतं. बहुतेकदा घोळ आधी आत जाणाऱ्या, पुढच्या कडेचा असतो. कागद-कापड एकत्रच कापा, लोंबता धागा ठेवू नका आणि आत सोडण्याआधी ती कड पुन्हा इस्त्रीने दाबा. प्रिंटर इंकजेटच हवा. लेझरच्या उष्णतेत कागदाचं प्लॅस्टिकचं अस्तर वितळू शकतं.

छपाई कापडाच्या उलट्या बाजूला, म्हणून डावं-उजवं असलेले आकार आरशातल्यासारखे फिरवून घ्या. षटकोनाला ती कटकट नाही. मी शिवणरेघ फिकट करडी छापते, भोवती पाव इंच माया (शिवणीसाठी सोडलेलं जादा कापड). धावदोरा थेट रेघेवरून.

आणि छापताना ‘फिट टू पेज’ (चित्र पानाच्या मापात बसवण्याचा पर्याय) बंद! एकदा विसरले, तर सगळे षटकोन जरासे आखडले. जुन्या तुकड्यांशी एकही कोपरा जुळेना. शाई धुतल्यावर पसरते का, ते आधी चिंधीवर बघा.